गुरुवारच्या खुर्च्या

अग्निशमन केंद्राच्या तळघरात
दर गुरुवारी खुर्च्या मी मांडतो.
हे काम मला कुणी दिलेलं नाही, कुणी काढूनही घेतलेलं नाही.
लोखंडी, घडीच्या, पाठीवर चर्चचं नाव खरवडलेलं.
पहिल्या गुरुवारी चाळीस मांडल्या. आले पाच.
उरलेल्या पस्तिसांवर कोण कोण बसलं असतं
ते आम्हा पाचांना पाठ होतं.

बोलावणं एल्वुड क्रेसचं.
केंटकीच्या या खोऱ्यात मयताचं सगळं त्याच्याच घराण्याकडे,
तीन पिढ्या.
तो उभा राहिला, टोपी हातात, म्हणाला,
"मला आता गिऱ्हाईक नको."
पुढे बोलायचं होतं त्याला. बसला.

माझी गोष्ट लहान आहे.
खाणीत छत उतरलं, मणका सरकला,
डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली. आधी तीस गोळ्या, मग साठ.
मग चिठ्ठी थांबली,
पाठ थांबली नाही.
सासूच्या उशाखालून मी काय काय उचललं
ते ती गेल्यावर, चादरी झटकताना, बायकोला कळलं.

विशी-तिशीतला माणूस खोऱ्यात औषधालाही सापडेना.
आणि जो सापडे, तो औषधापाशीच.

मग काय झालं? फार काही नाही.
मिसेस ओलिंजरनं औषधाच्या दुकानाशी निळी पेटी ठोकली,
टपालाच्या पेटीसारखी:
घरात उरल्यासुरल्या गोळ्या इथे टाका.
पहिल्या महिन्यात निघाल्या दोन किलो,
एक शर्टाचं बटण,
आणि एक कागद, "आई, घेतल्या त्या मीच."
कुणाचा, ते तिनं शोधलं नाही. गल्ल्यात जपून ठेवला.

जुनिता शाळेची बस चालवते.
कुठल्या दारातून पोर उपाशी येतं,
कुठल्या दारातून येतच नाही,
तिला घाटातल्या वळणांसारखं ठाऊक.
आता ती एक फोन करते. पोलिसाला नव्हे, नर्सला.
एवढं ठरवायला सहा गुरुवार लागले.
भांडणं झाली. कॉफी सांडली. पाद्री तणतणत उठून गेले,
पुढच्या खेपेला सफरचंदाचा पाय घेऊन
काही न बोलता येऊन बसले.

रूडी टॅकेट हवालदार. व्हर्ना केस कापते.
तिच्या लेलँडला बेड्या घातल्या रूडीनं,
आणि सुटून आल्याच्या नवव्या दिवशी
पेट्रोल पंपाच्या संडासात
तो निळा पडलेला सापडला, तोही रूडीलाच.
तेव्हा गाडीत फवारा नव्हता. असता, तरी मारायचा कसा ते माहीत नव्हतं.
व्हर्नानं वर्षभर रूडीच्या बायकोच्या केसांना हात लावला नाही.

त्या गुरुवारी टेबलावर रबरी पुतळा निजवलेला.
व्हर्ना तालुक्याच्या दवाखान्यातून शिकून आली होती.
मान मागे. नळी नाकात. अंगठ्यानं तळ दाबायचा.
एकेकाची पाळी. रूडीची आली.
अंगठा दाबेना.
"असं नाही," व्हर्ना म्हणाली.
त्याचा अंगठा धरला. दाबला.
मग बराच वेळ सोडला नाही.
आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो,
जे कित्येक वर्षं बंद आहे.

मार्चमध्ये, नदीकाठच्या ट्रेलरमध्ये,
एका पोरीनं पुन्हा श्वास घेतला
आणि पहिल्याच श्वासात रूडीचा उद्धार केला.
तो थेट व्हर्नाच्या दुकानात गेला,
शिव्या जशाच्या तशा म्हणून दाखवल्या.
ती हसली, म्हणतात. कात्री तशीच हवेत.

ती पोरगी गेल्या गुरुवारी आली.
दाराजवळची खुर्ची, कोट अंगातच,
निघायची तयारी ठेवून. पण बसली.

मी अजून चाळीसच मांडतो.
भरतात सतरा-अठरा.
बाकीच्या घडी घालून भिंतीला लावताना
पाठीतून कळ निघते, थेट टाचेपर्यंत.
दुखू दे, म्हणतो.
दुखतंय ते कळतंय तरी.